खूण कोण लावतं? मराठी ख्रिस्ती ओळखीची घडण

(ढोकी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ख्रिस्ती धर्मावरचं व्याख्यान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गोवा येतो, वसई येते, फार तर अहमदनगर येतं. ढोकी येत नाही. तरी मी सुरुवात इथूनच करणार आहे, कारण तेर आपल्या अगदी शेजारी आहे.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या खलाशी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची वही लिहिली. तीत पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, असं नमूद आहे. तगरचं साधं कापड आणि तलम वस्त्रं गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात आणि तिथून तांबड्या समुद्राकडे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच घडणीची एक मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं ते इसवी सन 79 मध्ये. आपल्या भागातल्या कारागिरीचा माल त्या काळी कुठवर पोचत होता, ते यावरून दिसतं.

तगरला त्या काळात कोणी ख्रिस्ती आला होता, असा एकही पुरावा नाही, आणि मी तसं सुचवतही नाही. हल्ली कोणत्याही गावाला कोणताही इतिहास चिकटवायची स्पर्धा लागली आहे, तीत मला उतरायचं नाही. मला फक्त काळ सांगायचा आहे. तेरचा माल रोमन बाजारात पोचत होता, त्याच दशकांत त्या साम्राज्यात येशूला मानणाऱ्या लोकांचे लहान लहान गट उभे राहत होते. त्यांना देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती, आणि आज ज्याला आपण ख्रिस्ती धर्माची खूण म्हणतो तो क्रूसही त्यांच्या भिंतीवर नव्हता.

नावसुद्धा त्यांचं स्वतःचं नव्हतं. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं की शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात मिळालं. म्हणजे लोकांनी ठेवलं. ते आपसांत एकमेकांना बंधू म्हणत, शिष्य म्हणत, ‘या मार्गाचे लोक’ म्हणत. गावाने ठेवलेलं नाव पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसतं, तसाच हा प्रकार झाला.

खुणेचंही तसंच. इसवी सन 200 च्या आसपास अलेक्झांड्रिया शहरात क्लेमंट नावाचा एक विद्वान होऊन गेला. मोहरेच्या अंगठीवर ख्रिस्ती माणसाने कोणतं चित्र कोरून घ्यावं, याचा त्याने सल्ला दिला आहे: कबुतर, मासा, शिडाचं जहाज, वीणा, नांगर. नांगर म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे. तलवार नको, धनुष्य नको, मद्याचे पेले नकोत. या यादीत क्रूस नाही. आणि का असावा? रोमन राज्यात क्रूस म्हणजे गुलाम आणि बंडखोर यांना भर रस्त्यावर टांगून मारण्याचं साधन. फाशीचा दोर कोणी गळ्यात दागिना म्हणून घालील का?

क्रुसावरच्या येशूचं जे सगळ्यात जुनं चित्र मानलं जातं, तेही भक्ताने काढलेलं नाही. रोममधल्या पॅलेटाइन टेकडीवर एका इमारतीच्या गिलाव्यावर कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडे काढले आहेत. 1857 साली ते उजेडात आले. क्रुसावर एक माणूस आहे, त्याचं डोकं गाढवाचं आहे, आणि खाली एकजण हात वर करून उभा आहे. शेजारी मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये खरडलेलं आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. वर्गातल्या टवाळ पोराने फळ्यावर काढावं तसं हे चित्र आहे. ख्रिस्ती लोक अजून क्रूस मिरवत नव्हते, तेव्हा त्यांची टर उडवणाऱ्याने तो त्यांच्या नावावर लावून टाकला होता. पुढे 312 सालानंतर सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूला आला, त्याने क्रुसावर मारण्याची शिक्षा बंद केली, आणि लोक ती शिक्षा डोळ्यांनी पाहीनासे झाले. मग कुठे पाचव्या शतकात चर्चच्या दारावर क्रूसचित्र कोरलं जाऊ लागलं.

एवढा लांबचा फेरा घेतला तो एका प्रश्नासाठी. धर्माची खूण कोण ठरवतं? धर्मग्रंथ, धर्मगुरू, सरकार, शेजारीपाजारी, की तो धर्म पाळणारा माणूस? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास मी या एका प्रश्नाच्या अंगाने मांडणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठी ख्रिस्ती माणसाची ओळख त्याच्या गळ्यातल्या क्रुसाने फार थोडी घडवली. तो कोणाच्या हातचं खातो, काय नेसतो, कोणत्या चालीत गातो आणि कागदावर त्याची नोंद काय होते, यांनी ती जास्त घडवली. आणि यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या.

आपल्या किनाऱ्यावर ख्रिस्ती लोक पोर्तुगिजांच्या फार आधीपासून होते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की कल्याणला ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणमधून नेमला जातो. 2001 मध्ये गोव्यात आगशीजवळ जुन्या पहलवी लिपीतला मजकूर असलेला एक दगडी क्रूस सापडला. केरळातल्या जुन्या क्रुसांशी त्याचं नातं लागतं. केरळच्या त्या क्रुसांच्या पायथ्याशी पुष्कळदा कमळ कोरलेलं असतं. या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना कमळाची भीती वाटली नव्हती, एवढं ध्यानात ठेवा.

मग सोळावं शतक आलं आणि धर्म राजसत्तेच्या हातात हात घालून आला. गोव्यात दोन अगदी उलटी धोरणं दिसतात. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला, साष्टीत राहिला आणि 1616 मध्ये त्याने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! छपाई रोमन लिपीत, पण घाट संपूर्ण पुराणाचा. स्वर्गाला तो सरळ वैकुंठ म्हणतो. चर्चमध्ये बसून ओवी ऐकणाऱ्या नवख्रिस्ती माणसाला नवा देव मिळाला, पण कान जुनाच राहिला. ज्ञानेश्वरी आणि एकनाथ ऐकलेल्या समाजात एका परक्या माणसाने एवढं काम करावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि दुसरीकडे 1736 चा धर्मन्यायालयाचा फतवा. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी काय काय करू नये, याची ती लांबलचक यादी आहे. धोतर नको, चोळी नको, लग्नात हळद नको, दारात तुळस नको, आणि भात मिठाशिवाय शिजवू नये, कारण तसा हिंदू शिजवतात. तुमच्या-माझ्या घरात आज भात कसा शिजतो, ते घरी जाऊन विचारा. राज्याच्या सर्वोच्च धर्मपीठाने भाताच्या पातेल्यात डोकावून ख्रिस्ती कोण हे ठरवायचं, याहून धर्माची केविलवाणी अवस्था कोणती? पण माणसं फतव्यांना पुरून उरतात. गोव्यात आजही पुष्कळ ख्रिस्ती घरांसमोर चुना दिलेला, चौथऱ्यावर उभा क्रूस दिसतो. घरासमोर त्याची जागा आणि चौथऱ्याचा आकार पाहिला की तुळशीवृंदावनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संध्याकाळी तिथे दिवाही लागतो.

वसईचा वेगळा किस्सा आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या मुलखात ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. त्या घंटेखाली उभं राहून कितीतरी पिढ्यांनी शंकराला हात जोडले. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू पुढे नुसती घंटा होऊन गेली. वसईतले ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. आपली सामवेदी आणि वाडवळी बोली बोलत राहिले, शेती करत राहिले, लुगडं नेसत राहिले. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणण्याचा विधी टिकला. त्यांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं ते 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. कारण साधं पोटापाण्याचं. गोव्याहून, मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांशी आपली गल्लत होऊ नये. घरात मराठी बोलणाऱ्या समाजाने इंग्रजी कंपनीची आठवण देणारं नाव घ्यावं, याला काय म्हणाल? ओळख पुष्कळदा अशी गरजेपोटी घडते, तत्त्वज्ञानातून नाही.

आता देशावर येऊ. इथे पोर्तुगीज नव्हते, बळजबरी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला गेले, आणि 1842 मध्ये तिथे ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. हे लोक प्रोटेस्टंट. त्यांना मूर्ती नको, मेणबत्त्यांचा थाट नको. म्हणजे खुणांच्या बाबतीत ते मुळातच कंजूष. मग इथल्या समाजाने त्यांना ओळखायचं कशावरून?

जेवणावरून. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा पोरगा मिशनऱ्यांकडे राहायला गेला. बापाने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलाला बापाच्या स्वाधीन केलं. आता प्रश्न उभा राहिला की मुलगा तिकडे राहिला, जेवला, तर तो अजून ब्राह्मण आहे का? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. लक्षात घ्या, श्रीपतने येशूवर विश्वास ठेवला की नाही हे कोणी विचारलं नाही. त्याच्या ताटात काय आलं आणि कोणाच्या हातून आलं, एवढाच वाद होता.

याच गोष्टीचा सगळ्यात गाजलेला प्रयोग पुण्यात झाला. ऑक्टोबर 1890. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान म्हणून शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. आमंत्रणाची खटपट करणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. व्याख्यानानंतर चहा आला, बिस्किटं आली. कोणी प्याले, कोणी पेला नुसता हातात धरला. थोड्याच दिवसांत ‘पुणे वैभव’मध्ये हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं, आणि रानड्यांच्या चाहत्यांना ते फार लागलं. मला त्यातली गंमत अशी दिसते की हे सगळे हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. ख्रिस्ती धर्माबद्दल त्या संध्याकाळी कोणाचंही मत तसूभर बदललं नाही. तरी एका कपाने त्यांना बाटवलं. चहा तेव्हा ख्रिस्ती होता! ढोकीच्या बसस्थानकावर आज जो कटिंग मिळतो, त्याला त्या काळच्या पुण्यात प्रायश्चित्त पडलं असतं.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंकडे पाहायला हवं, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण खुणेच्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्याही मराठी माणसाने दिलेलं मला माहीत नाही. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वॉंटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला लेकीसह बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्यातला पत्रव्यवहार छापलेला आहे, तो मिळवून वाचा. नव्या शिष्येने अंड्याचं पुडिंग नाकारलं, याचं सिस्टरना वाईट वाटतं. आता ख्रिस्ती झालीस, तर हे जातीचं खूळ कशाला, असा त्यांचा सूर. रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं: मला खायचं नाही म्हणून मी खात नाही, माझा शाकाहार म्हणजे माझा जुना धर्म नव्हे, आणि माझ्या आवडीनिवडी मी तुमच्या हवाली केलेल्या नाहीत.

मग गळ्यात घालायच्या क्रुसावरून वाद झाला. त्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं की लॅटिनच का? आमच्या देशातल्या बायकांना ती वाचता येणार नाहीत, मलाही येत नाहीत. संस्कृत का नको? आणि पुढे एक टोला असा की ब्राह्मणांना संस्कृत जशी पवित्र वाटते, तशी तुम्हाला लॅटिन वाटते काय? ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर संस्कृतात बोलून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, तिने ब्राह्मणी सोवळं जसं ओळखलं, तसं लॅटिनचं सोवळंही ओळखलं. तिला क्रूस नको होता असं नाही. क्रुसावर कोणाचा शिक्का आहे, हा तिचा प्रश्न होता.

हिंदुस्थानात परत आल्यावर तिला दुसऱ्या बाजूने तोच प्रश्न पडला. मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलींची शाळा, आणि धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण आणायचं नाही असा करार. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार बंद करून घेत नसत. मुली आत येऊन बसत. पुण्याचं म्हणणं, दार लावा. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात मी दार का लावू? 1893 मध्ये वाद विकोपाला गेला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. क्रूस नाही, मूर्ती नाही, एक उघडं दार पुण्याला धर्मांतराची खूण वाटलं. दोन्ही पक्षांना काही ना काही म्हणणं होतं हे मला मान्य आहे. पण वॉंटेजमध्ये न झुकलेली बाई पुण्यात झुकेल ही अपेक्षाच चुकीची होती. पुढे केडगावला तिने मुक्ती मिशन उभारलं, दुष्काळातल्या शेकडो मुलींना आणलं, आणि शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबल करण्यात घालवली. 1922 मध्ये ती गेली. बायबल छापून आलं ते तिच्या मागे.

नारायण वामन टिळकांनी वेगळी वाट काढली. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. मिशनच्या प्रार्थनामंदिरांत तोवर बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली गाणी चालत. टिळकांनी तिथे अभंग आणला, भजन आणलं. कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत. नगर भागात आजही ख्रिस्ती भजनी मंडळात तबला-पेटी-टाळ दिसतात, आणि लांबून ऐकणाऱ्याला ते कोणाचं भजन आहे हे पटकन सांगता येत नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतः निवडलेली खूण कोणती, तर ही. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत त्यांचं निधन झालं आणि तो प्रयोग तिथेच थांबला. मिशनमधल्या अनेकांना तो रुचलेलाही नव्हता.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही शाळेत धड्यापुरती वाचली असतील. पुन्हा वाचा, पण या वेळी चुलीकडे आणि पाण्याच्या भांड्यांकडे लक्ष ठेवून. नवरा ख्रिस्ती झाला, बाई सोवळं धरून वेगळी राहिली, पुढे एका घरात राहूनही पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. आणि एक दिवस तिने जात मनातून काढून टाकली. बाप्तिस्मा 1900 सालचा. पण पुस्तक नीट वाचलं तर समजतं की तिच्यापुरतं खरं धर्मांतर झालं ते, ती दुसऱ्याच्या हातचं पाणी प्याली त्या दिवशी.

आत्तापर्यंत सांगितली ती बरीचशी ब्राह्मण माणसं. त्यांनी लिहिलं, म्हणून त्यांच्याबद्दल बोलता येतं. पण महाराष्ट्रात, विशेषतः नगर आणि मराठवाडा भागात, ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मातंग समाजातले. त्यांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न उलटा होता. त्यांच्या हातचं पाणी आधीपासूनच कोणी पीत नव्हतं. चहा पिऊन बाटायला त्यांच्याजवळ सोवळं होतंच कुठे?

मघाचे नारायण शेषाद्री इथे परत येतात. स्कॉटिश फ्री चर्चचे मिशनरी म्हणून 1860 च्या दशकात ते जालन्याला आले. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. सालार जंगच्या कारभारात त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. गावात आले ते मुख्यतः मातंग कुटुंबांतले ख्रिस्ती. मराठवाड्यातल्या गावाची रचना तुम्हाला सांगायला नको. वेस कुठे, गावकूस कुठे, आणि कोणाची घरं कोणत्या दिशेला, हे ठरलेलं. बेथेलमध्ये पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेली माणसं पहिल्यांदा गावात राहिली, कारण गावच त्यांचं होतं. त्यांच्या ख्रिस्तीपणाची पहिली खूण म्हणून मी चर्चच्या शिखराकडे बोट दाखवणार नाही, त्या गावाच्या नकाशाकडे दाखवीन. स्वतः शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक परिषदेला गेले ते डोक्याला पांढरं पागोटं बांधून. अमेरिकेत त्या पागोट्याचं कोण कौतुक झालं. दुसरीकडे त्यांच्या गावातल्या मातंग माणसाने डोक्याला काय बांधलं, याची नोंद कोणी केली नाही. ख्रिस्ती समाजातही लिहिण्यायोग्य कोण, याची जुनी सवय सुटली नव्हती, हे बोलायला हवं.

स्वातंत्र्यानंतर चर्चने भारतीय खुणा मनापासून स्वीकारल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात निरनिराळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं, त्याच्या चिन्हात कमळावर क्रूस आहे. कॅथलिकांमध्ये हरेगावच्या यात्रेत मरियेला ‘मतमाउली’ म्हणतात आणि दर सप्टेंबरला तिथे सर्व जातिधर्मांचे लोक लोटतात. माउली म्हणजे कोण, हे वारकऱ्यांच्या मुलखात समजावून सांगावं लागत नाही.

आणि आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, हरित वसईच्या चळवळीतले कार्यकर्ते. निवड जाहीर झाली तेव्हा विरोध झाला, धमक्यांचे फोनही गेले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, हा आक्षेप होता. स्टीफन्सनंतर चारशे वर्षांनी, रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई होऊन गेल्यावर, वसईच्या मातीत वाढलेल्या माणसाला मराठीपणाचा दाखला द्यावा लागला. आपल्या भागाने मात्र त्यांना मान दिला. तब्येत बरी नसताना ते आले आणि संमेलन पार पडलं. 25 जुलै 2024 ला ते गेले.

शेवटचा मुद्दा कागदाचा. ‘सर, आपल्या भागात ख्रिस्ती आहेत किती?’ असं मला इथल्याच एका शिक्षकांनी विचारलं होतं. जनगणनेचा आकडा लहान आहे. तो लहान का दिसतो याचं एक कारण 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म पाळणाऱ्या माणसाला अनुसूचित जातीचा मानलं जाणार नाही, असं त्या आदेशाने ठरवलं. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांच्या सवलती मिळतात, पण अनुसूचित जातीच्या जागा, शिष्यवृत्त्या, अत्याचारविरोधी कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

याचा घरात काय परिणाम होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या, मुलीचं नाव रूथ ठेवणाऱ्या घरात शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि पुढे जात लिहिलेली असते. वडील दाविद, मुलगा दिलीप. गावात त्याला कोणी विहिरीवर रोखलं तर त्याची जात पाहून रोखतात, बाप्तिस्म्याचा दाखला पाहून नव्हे. पण तक्रार द्यायला गेला की बाप्तिस्मा आडवा येतो. 1985 मध्ये मद्रासच्या एका चर्मकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मांतरानंतरही तसंच मागासलेपण राहतं, हे सिद्ध करणारा पुरावा पुढे आलेला नाही. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने शिफारस केली की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधू नये. ती शिफारस तशीच पडून राहिली. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाप्तिस्मा घेऊन नियमित चर्चला जाणाऱ्या व्यक्तीने केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचं सांगणं चालणार नाही. कायद्याच्या चौकटीत न्यायालयाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. चौकट बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि माझं उत्तर नाही असं आहे. धर्म बदलला की जात सुटते असं मानणारा कायदा मराठवाड्यातल्या एका तरी गावात चार दिवस राहून आलेला नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने याच प्रश्नावर आयोग नेमला. त्याला दोन वर्षांची मुदत होती, ती वाढवून देण्यात आली. या आयोगापुढे आपल्या भागातून किती निवेदनं गेली, कोणी दिली, कोणाला देता आली नाहीत, याची माहिती तुमच्यापैकी काहींना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त असेल. म्हणून मी आता थांबतो आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरांना देतो.